तीन पंख्यांचं कार्ड आणि मॅडमचे फ्रीजर

३ नोव्हेंबर, मंगळवार
एबियेरेनं आज पण हरवलं. सात-एक. मी मॅडमच्या मासळीच्या दुकानात कामाला, राहतो त्यांच्याच घरी. ही त्यांची भाची, दुकानाशेजारी मिरच्या विकते, आणि फुटबॉलच्या गेममध्ये मला धुते. दोष माझा नाही. जुन्या कॉम्प्युटरचा. ऐन वेळी चित्र फाटतं, माझा गोलकीपर कमरेत तुटतो. ती म्हणाली, "स्क्रीन एकच आहे ना रे इओर्फा? मग माझा का नाही तुटत?" तुटतो, पण तिला दिसत नाही. माझी नजर बारीक, त्याचा तोटा होतो.
ठरलं. नवीन ग्राफिक्स कार्ड. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवाला मॉनिटर. कार्ड जसं पळेल तसा तोही पळतो, चित्र फाटत नाही. मोटारसायकलसाठी साठवलेले पैसे यात जातील, ती पुढच्या वर्षी.

५ नोव्हेंबर, गुरुवार
मॅडम गावी गेल्या, चुलत्याच्या मातीला. सोमवारी येणार. म्हणाल्या, "लाइट आठवडाभर येत नाही. दुकान बंद ठेव, पण घरातले मासळीचे दोन्ही फ्रीजर जनरेटरवर चालू पाहिजेत. मासे नासले तर मी यायच्या आत तुझ्या गावची बस धर." लागोसमध्ये आल्यापासून इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

६ नोव्हेंबर
बाजारात कॉम्प्युटरवाल्या ओबियोराकडे गेलो. म्हणाला, "भाऊ, तुझ्या गेमला हे एका पंख्याचं कार्ड फार झालं. घरी जनरेटर केवढा?" म्हटलं, मोठा. "त्यावर आणखी काय चालतं?" मी विषय बदलला. तीन पंख्यांचं घेतलं. दोन पंखे जास्त म्हणजे निदान दोन गोल जास्त. मॉनिटर १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं. डब्यावरचं सगळं त्यानं वाचून दाखवलं. मला येतं वाचता, पण डोळे मॉनिटरसाठी जपतोय.

७ नोव्हेंबर, सकाळी ९
जोडलं. जनरेटर खोकला आणि मेला. परत लावला. परत मेला.
९.३०. एक फ्रीजर बंद केला. तासभर काय होतंय? बर्फ दगडासारखा आहे.
१०. एकानं भागत नाही. दुसराही बंद.
दुपारी. सेटिंग चालू. सिंक लावून बघतो, काढून बघतो. फरक आहे. असणारच.

८ नोव्हेंबर, रविवार
सेटिंग संपत आलंय. फ्रीजर उद्या पहाटे नक्की.
४ वाजता एबियेरे आली. नाक दाबून म्हणाली, "कसला रे वास?" म्हटलं, नवीन कार्ड तापलं की येतो. नऊ-शून्य. पण काय ते नऊ! एकेक गोल आत जाताना लोण्यासारखा दिसला.

९ नोव्हेंबर
फ्रीजर उघडले. लगेच बंद केले. दोन्ही परत जनरेटरवर लावले. गोठले की कळणार नाही. एबियेरे म्हणाली, "मावशीला तू सांगतोस, की वास सांगेल?"
वासानं सांगितलं. मॅडम अजून फाटकातच होत्या.
पिशवी मी आधीच भरून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "ती खाली ठेव. आधी मासे पुर." पुरले. मग त्यांनी कॉम्प्युटर उचलून दुकानात गल्ल्याशेजारी ठेवला. "नुकसान भरून निघेपर्यंत हा इथंच राहील. तू पण."

११ नोव्हेंबर, बुधवार
नवा माल आला. मॉनिटरवर मासळीचे भाव लावलेत. एबियेरेनं टाइप केले, माझं स्पेलिंग मॅडमना पटलं नाही.
आज एक गिऱ्हाईक बराच वेळ स्क्रीनकडे बघत उभं होतं. वाटलं, याला कळतंय. जवळ जाऊन हळूच सांगितलं, १८० हर्ट्झ आहे.
म्हणाला, "ते असू दे. बांगडा ताजा आहे का?"