पडद्यामागच्या बायका

सोनपेठ,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार

तीर्थस्वरूप चंदाक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो झाला असं समजावं.

इकडे सगळं क्षेम आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. थंडी बरी पडली आहे. शाळेत संस्कृत घेणारी पोरं यंदा आणखी कमी झाली. परवा एकाला उभं केलं, म्हटलं, राम शब्द चालव. म्हणाला, "सर, पेट्रोल न्हाई." वर्गाबरोबर मीही हसलो, हसलो नसतो तर तोही उद्यापासून हिंदी घेऊन बसला असता. तुझी भावजय रुख्मिणी म्हणते, अक्कांना माझा नमस्कार लिहा आणि सिनेमाचं कमी लिहा. पहिलं लिहून झालं.

निकिता, तू हे मोठ्यानं वाचते आहेस, तर सावकाश वाच. तुझ्या आईचे डोळे साखरेनं नेले, कान नेले नाहीत. मी फोनवर सांगतो म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर येतं, "फोनवरचं बोलणं उडून जातंय रं शिवा. चिठ्ठी कशी, उशाला ठिवता येती, पुन्यांदा वाचून घेता येती." म्हणून हा कागद. सिनेमा मी पाहायचा, पत्रात मांडायचा, तू वाचायचा आणि तिनं पाहायचा, असा आपला चार माणसांचा धंदा आहे. चौथा माणूस पोस्टमन.

तर अक्का, रविवारी नूतनचा एक जुना सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही. सांगितलं की तू "पाहिलाय की" म्हणशील आणि मला बोलूच देणार नाहीस. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. बस, एवढंच. समोरचा माणूस भलं मोठं भाषण करतो आहे आणि ती ऐकते आहे. चेहऱ्यावर काही घडत नाही असं वाटतं, आणि आपण पाणी प्यायला वळावं तेवढ्यात सगळं घडून गेलेलं असतं. हल्लीच्या पोरींना रडताना पाहिलं की पाऊस पडल्यासारखं दिसतं. नूतन रडायची राहते, तेव्हा आभाळ भरून आल्यासारखं वाटतं. मीनाकुमारीचं तर तुला काही सांगायलाच नको. ती मुळात ऐकायचीच बाई. डोळे असणाऱ्यांना ती थोडी कमीच कळते.

नाट्यशास्त्रात नायिका आठ. मी रविवारभर बसून आपल्या नट्या त्या आठ खणांत बसवल्या. वहिदा विरहोत्कंठिता, म्हणजे वाट पाहून जीव कासावीस झालेली. मधुबाला कलहांतरिता, आधी भांडते आणि मग पस्तावते. पण पस्तावतानाही ओठाचा एक कोपरा हसतोच. जयश्री गडकर वासकसज्जा, नटूनथटून दाराकडे डोळे लावून बसलेली. स्वाधीनभर्तृका, म्हणजे जिचा नवरा जिच्या मुठीत, अशी मात्र पडद्यावर एकही सापडली नाही. पडद्याबाहेर एक पाहिली आहे. दिनकररावांना विचार. दाजी, हसू नका, तुम्हीही ऐकताय हे मला माहीत आहे.

पण नट्यांना मान वळवायला कुणी शिकवलं, हे मी तुला कधीच सांगून ठेवलंय. आपल्या चारठाण्याच्या देवळातल्या दगडी बायकांनी. आठवतं, तू खांबापाशी उभी राहून तशी मान करायचीस आणि आई ओरडायची, "आगं, मान आखडंल, मंग त्या दगडाशीच लगीन लावावं लागंल!"

मधुबालाचा कुठला कोपरा आधी हसतो यावर आपण दोघं जन्मभर भांडलो. तू म्हणायचीस डावा, मी म्हणायचो उजवा. दोघंही खरं बोलत होतो, याला काय करावं. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, पडदा मधोमध उभा, पुरुष पुढं आणि बायका पडद्याच्या मागं. तुम्हाला सगळं उलटं दिसायचं. आपल्या गावच्या बायकांच्या लेखी सगळे हिरो डावखुरे होते आणि सगळ्या नट्या पदर भलत्याच खांद्यावर घ्यायच्या. कडूबाई मावशी तर म्हणायची, "मुंबईचं पाणीच तसलं. मानूस डावरा होतंय."

आणि तुम्ही शेवट कधी पाहिलाच नाही. नायिका खाटेवर पडली, दिवा फडफडला, की आई उठायची. "उठा गं पोरींनो, ती मरायलीय आता. सवाष्णीचं मरण डोळ्यांत घिऊन घरला जाऊ नये." एक उठली की सगळ्या उठायच्या. इकडं आम्हाला पडद्यामागून बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा आणि पुढं बसलेले बाप्ये म्हणायचे, "गेली बिचारी." पडद्यावर ती अजून बोलत असायची. मी पुढं पाठशाळेत शिकलो की जुन्या नाटकांत रंगमंचावर मरण दाखवायचं नसतं, तेव्हा गुरुजींना म्हटलं, हे आमच्या आईला आधीपासून माहीत आहे. त्या आठ नायिकांतही मरणारी एकही नाही. रुसते, वाट पाहते, रात्री एकटी निघते, फसते. मरत नाही. तिला खणच नाही.

बैलगाडीत परत येताना तू माझा कान धरायचीस, "शिवा, मंग काय झालं?" माझा हा धंदा तिथंच सुरू झाला.

एकदा मात्र तुम्ही चुकलात. नायिका चक्कर येऊन पडली. बांगड्या वाजल्या, सगळ्या गेल्या. पाचव्या मिनिटाला ती उठून बसली, दूध प्याली, आणि पुढं नाचलीही. तुम्ही वाटेवर तिच्यासाठी रडत होतात. आई घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेणार होती. मी गाडीत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना. "तुला काय कळतंय, आमी बघितलंय की," कडूबाई मावशी म्हणाली. न बघता बघितलं होतं.

हा प्रसंग मी आज उगाच लिहिलेला नाही, हे तुला कळलं असेल. निकितालाही कळलं असेल. तिचं वाचणं इथं अडखळलं असेल.

अक्का, गुरुवारी निकिताचा फोन आला होता. तू तिला सांगितलंस, डायलिसिस आता बास. सोमवार-गुरुवार परभणीला जाणं बास, त्या मशीनला हात देणं बास. डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं की मशीन सोडल्यावर फार दिवस नसतात. पोरगी म्हणाली, "मामा, ती माझं ऐकत नाही. बाबा तर काही विचारलं की गोठ्यात जाऊन बसतात. तुमचं ऐकते. तुम्ही पत्रात लिहा, मी वाचून दाखवते." मी हो म्हणालो. मला वाटलं, तंबूची गोष्ट सांगेन आणि शेवटी लिहीन, बायका लवकर उठल्या, तू उठू नकोस.

चांगला युक्तिवाद आहे. शाळेत बक्षीस मिळालं असतं.

मग तुझं उत्तर मला आधीच ऐकू आलं. गेल्या महिन्यात मशीनपाशी तुझ्या शेजारी बसून मी कुठल्याशा नटीचं मरण रंगवून सांगत होतो. तुझ्या एका हाताला सूज, दुसऱ्याची शीर सापडेना, सिस्टर तिसरी जागा शोधत होती. तू म्हणालीस, "पंडिता, त्यांचं बरं हाय. एकदा खोकल्या की सुटल्या. आन मरताना सुदिक पदर जाग्यावर. हितं बघ, मी कितीदा खोकलेय, कुणी पडदाच पाडंना." सिस्टर हसली. मीही हसलो. परभणीहून बसनं येताना हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

मी काय काय करून पाहिलं ते तुला माहीत आहे. निकिताची किडनी तू घेतली नाहीस, "तिचं लगीन व्हायचंय" म्हणालीस. माझी द्यायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, गुरुजी, तुमचीच साखर बघा. आपल्या घरात दुसरं काही वाटून मिळालं नाही, साखर तेवढी सारखी वाटली गेली. आता करण्यासारखं उरलेलं नाही. ते डॉक्टरांना माहीत आहे, तुला माहीत आहे, दाजी गोठ्यात बसून तेच समजावत असतात स्वतःला. राहता राहिली ती एकटी पोरगी, आणि तिला सांगायचं ते तिच्याच तोंडून वाचून घ्यायची वेळ माझ्यावर आली.

निकिता, बाळा, रागावू नकोस. तू सांगितलेलं वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. "अक्का, आमच्यासाठी अजून थोडे दिवस" असं ते होतं. आमच्यासाठी म्हणजे कुणासाठी, तर तिच्या हाताला सुया टोचल्या जात असताना बाहेर बाकावर बसून चहा पिणाऱ्यांसाठी. एवढी व्याकरणं शिकलो, पण त्या वाक्यातला कर्ता मला बदलता येईना. सहन करणारी ती, आणि मागणारे आपण. मला ते तुझ्या आवाजात तिला ऐकवायचं नाही. तू आता इथं थांब, डोळे पूस, पाणी पी, आणि मग पुढचं वाच. थोडंच आहे.

अक्का, मी तुला काही मागत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. लहानपणी तुझ्या वाटणीचा गूळसुद्धा सोडला नव्हता.

येत्या सोमवारी शाळेत रजा टाकली आहे. दर वेळी मी परभणीला दवाखान्यापाशी उतरायचो. या सोमवारी तिथं उतरणार नाही, सरळ पिंगळीला तुझ्या घरी येतो. येताना बाजारातून केळी आणतो, चांगली पिकलेली, डझनभर. साखरेनं बंद केलेली, नंतर मशीननंही बंद केलेली. आता कुणी ना म्हणणार नाही. मी सोलून देईन.

तुझा धाकटा,
शिवशंकर