आईच्या दोन काठ्या

भोकरदन, ९ जानेवारी १९७७
मेव्हणा देवानंद फौजेतून सुट्टीवर आला, जुना एसएलआर कॅमेरा देऊन गेला. आईचा आजवर एकही फोटो नाही. ती म्हणाली, माझ्यामागं भिंतीला काही तरी पाहिजे बाबा. बुद्धाच्या तसबिरीशेजारी आजच खिळा ठोकला. महिन्याभरात फोटो. पक्कं.

१६ जानेवारी, सकाळी ८
तंत्र सोपं आहे. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक गोल असतो. त्यात सरळ वस्तू दुभंगलेली दिसते. रिंग फिरवायची, दोन तुकडे जुळले की फोकस. आईला अंगणात बाजेवर बसवलं, हातात तिची काठी. काठीवर नेम धरला. पाऊण तास दोन काठ्याच दिसत राहिल्या. आईला डुलकी लागली. व्ह्यूफाइंडर अंधारा आहे.

६ फेब्रुवारी
पहिला रोल जालन्याहून धुऊन आला. बायको मालन म्हणते, सगळ्यांत आई म्हणजे नुसता धूर. मागच्या भिंतीवरच्या गवऱ्या मात्र मोजता येतात. तिने मोजल्या. एकवीस. म्हणजे लेन्स उत्तम. दोष फाइंडरच्या काचेत.

१२ फेब्रुवारी
कॅमेरा घेऊन जालन्याला. स्टुडिओवाला बद्रीनाथ बराच वेळ डोळा लावून बसला. म्हणाला, फाइंडर बिलकुल साफ आहे गुरुजी, चष्मा लावून बघा. मीच फोटो काढू लागलो तर त्याच्या धंद्याचं काय, ही त्याला भीती. चष्मा म्हाताऱ्यांना लागतो. मी अठ्ठेचाळीस.

२० फेब्रुवारी
नवी पद्धत. शिंप्याची टेप आणली. अंतर मोजायचं आणि रिंगवर तो आकडा लावायचा, फाइंडरची गरजच नाही. टेपचं टोक आईच्या नाकाला लावलं. तिला हसू आवरेना. रिंगवरचे आकडे फार बारीक कोरलेत. मालनने वाचून लावले, आणि मी टेप धरून बसलो होतो तेवढ्यात बटणही तिनेच दाबलं. तो एक फुकट गेला. पुढच्या बारा फोटोंना आकडे मीच लावले, बटणही मीच दाबलं.

२७ फेब्रुवारी
वह्या तपासत होतो. मालन बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, कॅमेऱ्यात काही न्हाई. तुम्हालाच दिसून न्हाई राह्यलं."
वही हातभर लांब धरली होती म्हणून. हल्ली शाईच फिकी येते.

९ मार्च
सकाळी आई गेली. शाळेत रजेचा अर्ज पाठवला. रोल कॅमेऱ्यातच आहे. काही फोटो उरले होते म्हणून धुवायला दिला नव्हता.

२० मार्च
आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. सोनूमावशीने विचारलं, हा खिळा कशाचा? कॅलेंडरचा, म्हणालो.

३ एप्रिल
रोल आला. प्रिंट दारात उजेडाला धरले. हात लांब केला. अजून लांब केला. सगळे सारखेच.
मालनला म्हणालो, तूच निवड.
तिने एकेक करून खाली ठेवले. एक हातात ठेवला. तिनेच काढलेला, टेपचा.
मी विचारलं, "काठ्या किती दिसतात?"
"एकच आहे," ती म्हणाली.
आई हसत आहे म्हणे. शेजारी मी आहे. मला विचारलं असतं तर तो मी फेकला असता.
खिळ्याला लावला. मालनला म्हणालो, जालन्याला डोळ्यांचा डॉक्टर कुठं बसतो ते बद्रीनाथला विचारतो.
ती म्हणाली, पत्ता महिन्यापूर्वीच आणून ठेवलाय. चिठ्ठी दिली. ती वाचूनही तिनेच दाखवली.