पणजोबांचा चेहरा

नववा महिना, तिसरा दिवस

पणजोबांची तसबीर गेली. आज पितरांच्या मंदिरातली पेटी उघडली तर रिकामी! अख्खं सिम घराणं अंगणात जमून एकमेकांच्या टोप्यांकडे बघत उभं. आधी कुणी रडायचं याचाही मान ठरलेला असतो यांच्यात.

दुपारी मला बोलावणं. एरवी मी यांना आठवत नाही. लेकावळा मी — बापाच्या रखेलीच्या पोटचा. बापाला औरस मुलगा नव्हता, तरी मला डावलून लांबच्या भाऊबंदांतला उंग-जे दत्तक आणला. माझ्याहून लहान. तो आज घराण्याचा कर्ता, आणि मी त्याला 'मालक' म्हणायचं. पण चित्र खरं की खोटं हे विचारायला राजधानीतले लोक येतात ते माझ्याच झोपडीत. कुणी शिकवलं नाही मला. म्हणून नीट येतं.

हक-रो काका म्हणाले, "पुढल्या महिन्याच्या पूजेआधी शोधून दे. पूजेला तुला आत उभं करतो." (त्यांनाही तोंडावर 'मोठे मालक'च म्हणावं लागतं. काका फक्त इथे, कागदावर.)

आत. आजवर पायरीखाली उभा राहिलो, थंडीत, पावसात. आणि हे ते सगळ्यांदेखत बोलले. आता शब्द फिरवता येणार नाही.

चौथा दिवस

पेटी अंगणात आणवून पाहिली. कुलूप शाबूत. कापराची पुरचुंडी जागच्या जागी. पण दोरी सोडून पुन्हा बांधलेली — रिकाम्या पेटीला! गाठ पूजेची, दोन पाकळ्यांची, टोकं अगदी सारखी. चोर गाठी बांधत बसत नाही. हे घरातल्याच हाताचं काम.

काकांना सांगितलं. "म्हणजे... भूत?" म्हणाले. राजदरबारची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस हा.

सहावा दिवस

वर्णन विचारत हिंडलो. मंदिरात मला पाऊल टाकता येत नाही, तसबीर मी जन्मात पाहिलेली नाही. आमच्याकडे तसबिरीचा नियम कडक — एक केस चुकला तरी तो माणूस दुसराच. तीळ, व्रण, देवीचे वण, सगळं जसंच्या तसं. मग सांगा की!

"भव्य." "तेजस्वी." "डोळ्यांत करुणा."

कुठल्या डोळ्यात? डाव्या की उजव्या? वर्षानुवर्षं वाकले, वर कुणी बघितलं नाही. काकांना कानांबद्दल विचारलं, तर माझ्याकडे बघता बघता चटईकडे बघायला लागले. "कान म्हणजे... कानांसारखे होते रे."

नववा दिवस

काकांच्या भाच्याने बाजारातून एक तसबीर पैदा केली. "सापडले पणजोबा!" मी ती पालथी करून उजेडात धरली. जुना, जाणता चित्रकार चेहऱ्याचा रंग रेशमाच्या मागून भरतो, म्हणून कातडीखाली रक्त असल्यासारखं दिसतं. ही मागून कोरी.

"तू तर पाहिलीच नाहीस कधी. तुला काय कळतं?"

"मी पाठ बघितली," म्हटलं. "तोंडं सगळीच सोंग घेतात."

रुसून गेला.

तेरावा दिवस

मालकांना भारी घाई. नवी तसबीर काढायला ब्युन चित्रकार आणलाय. मूळ हरवली तर पूर्वजाशी चेहरा जुळणारा वंशज समोर बसवून काढायची, ही रीत. बसलं कोण? मालक स्वतः! पणजोबांच्या रक्ताचा थेंब अंगात नाही, तोंड तांदळाच्या वाफवलेल्या वडीसारखं, गोल आणि गुळगुळीत.

ब्युन माझ्या ओळखीचा. हळूच म्हणाला, "गाल आहेत तसे ठेवा म्हणतात. दाढी तेवढी पणजोबांची."

"आणि दाढी कशी होती हे कुणी सांगितलं?"

"तेही त्यांनीच."

अठरावा दिवस

पकडला!

संशय होताच. पण ठेवली कुठे? जाळायची छाती नाही. दत्तक आलेला औरसाहून कर्मठ असतो, पणजोबांना पायाखालच्या तळघरात किंवा मासळीच्या कोठारात ठेवायला तो धजावणार नाही.

आज सकाळी बैठकीच्या दाराशी ताटकळत होतो. मालक मंदिरातला रोजचा नमस्कार उरकून आले. मला पाहिलं नाही — मी त्यांना दिसत नसतोच. टोपी सारखी केली, भिंतीतल्या उंच कपाटाकडे तोंड केलं, आणि वाकले. दोनदा. जिवंताला एकदा वाकतात, मेलेल्याला दोनदा. कपाटात मेलेलं कोण आहे?

चोरी जमली, पण चोरलेल्या पणजोबांचा सकाळचा नमस्कार चुकवता आला नाही. असला चोर आमच्याच मातीत पिकतो.

एकोणिसावा दिवस

काकांना सांगितलं, "ठिकाण कळलं."

"कुठे ते सांगू नकोस."

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगितलं.

"अरे, नवी होत आली. नवी टांगली की जुनी पाण्यात धुऊन टाकायची, रेशीम कोरं होईपर्यंत. रीतच आहे."

"आणि मला आत उभं करणार होता?"

"सापडली कुठे अजून?" म्हणाले, आणि चिलीम झटकली.

म्हणजे यांना सगळ्यांना ठाऊक आहे. चारचौघांत शोध झालेला दिसायला हवा होता, म्हणून मी. पण आपलाच पणजोबा धुऊन टाकायचा — का?

एकविसावा दिवस

मालक ब्युनसमोर गाल घेऊन बसले होते. मी रिकाम्या बैठकीत शिरून कपाट उघडलं. गुंडाळी सोडली. आधी पाठ — खरी. मग पुढून.

कपाळावर एक उभी आठी. डावी भुवई मध्ये तुटलेली. कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या. उजव्या नाकपुडीशेजारी तीळ, तिळात एक केस, तोही रंगवलेला. हा चेहरा मी रोज सकाळी परातीतल्या पाण्यात बघतो.

वर्णन त्यांना येत नव्हतं असं नाही. ते वर्णनच त्यांच्यासमोर उभं राहून प्रश्न विचारत होतं! मी पिकत गेलो तसा पायरीखालचा माणूस भिंतीवरच्यासारखा दिसायला लागला. आता वाकायचं कुणाला, हा यांचा पेच.

गुंडाळी पाठीला बांधली आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो. कुणी विचारलं नाही. लेकावळ्याच्या पाठीवर ओझं असायचंच.

दहावा महिना, पंधरावा दिवस

पूजा झाली. आत सगळे उंग-जेच्या गालांपुढे वाकले म्हणे. मी अंगणातही गेलो नाही. घरी तसबीर भिंतीवर टांगली, पुढे भात, वाळवलेला मासा, पेअर मांडले. लेकावळ्याला पूजेचा अधिकार नाही. केली.

सोळावा दिवस

पहाटे दार वाजलं. उंग-जे. एकटा. पूजेचा पूर्ण पोशाख, चिखलाने भरलेले जोडे हातात. चोरीचा शब्द काढला नाही — काढणार कुठल्या तोंडाने? माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिला.

"दादा," म्हणाला, "आत येऊ?"

तो अजून दाराबाहेरच उभा आहे. आधी एवढं लिहून होऊ दे.