दोन राखाडी

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी तू पाठवलेली रंगांची पेटी उघडली. आधी नेहमीसारखा देवापुढे बसलो, पण मन थाऱ्यावर येईना, म्हणून टेबल खिडकीशी ओढून टोमॅटो काढायला घेतला. पन्नाशीच्या माणसाचे हे उद्योग बघून तुझी भावजय चहा तिथेच ठेवून हसत आत गेली. मी ब्रश त्या चहातच बुडवला.

मन का लागत नाही ते सांगतो. सव्वीस वर्षं मी या दोऱ्याच्या कारखान्यात छटा जुळवतोय. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आमचा रंगवलेला दोरा खिडकीशी धरायचा, जुळला की पास. गेल्या महिन्यात फिकट जांभळा माल परत आला. मी पास केलाय म्हणजे तेव्हा रंग बरोबरच असणार, नंतरच्या धुलाईत उतरला, असं मॅनेजरांनी ठरवलं. धुलाई पैलवानाकडे. (अंगाने काडी आहे, नाव पैलवान.) त्याला घरी बसवलंय, महिनाअखेर काढून टाकणार. धुलाई रोजच्यासारखीच केली, असं तो परोपरीने सांगतो.

असो. ही पेटी संपल्यावर जलरंग आणू की तैलरंग? पहिलीतल्या पोराला सांगतेस तसं सांग. टोमॅटो सोबत आहे.

तुझा,
धाकटा


ता. ६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टोमॅटो पोचला. लाल आहे, पण हवेत लटकतोय. त्याला खाली सावली दे, म्हणजे बसेल. सावलीला काळा लावू नकोस, लालातच थोडा हिरवा मिसळ.

तैलरंगांच्या वाटेला जाऊ नकोस. वाळायला आठवडा लागतो, आणि वासाने बायको तुलाच बाहेर काढेल. जलरंग दिसतात गरीब, पण चूक झाकू देत नाहीत. पोस्टर रंगच बरे, वाळल्यावर वरून दुसरा हात मारता येतो. लाल, पिवळा, निळा, पांढरा, एवढे चार पुरेत.

आधी एक पट्टी कर. रंग एकमेकांत मिसळून चौकोन भर आणि प्रत्येकाखाली नाव लिही. पण नाव दुसऱ्या दिवशी लिहायचं, काय मिसळलं होतं ते विसरून, नुसतं डोळ्यांना विचारून. तीस वर्षं प्रत्येक वर्गाकडून मी हेच करून घेतलं. पट्टी मला पाठव.

पैलवानाचं वाईट वाटलं. पण त्यात तू काय करणार?

तुझी ताई


ता. १४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पट्टी मिळाली. चौकोन इतके नेटके की शाळेत असते तर दहापैकी नऊ दिले असते. एक गुण का कापला ते ऐक. चौथ्या ओळीत दोन चौकोनांखाली तू राखाडी लिहिलंयस. पहिला राखाडी आहे. दुसरा फिकट जांभळा आहे. मला वाटलं माझाच चष्मा बदलायला झाला, म्हणून यांना दाखवला. तेही जांभळाच म्हणाले.

तू घाईत लिहिणारा नव्हेस. उद्याच्या उद्या डोळे दाखवून ये.

तुझी ताई


ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंग पिवळं पडलंय आणि निळ्या अंगाच्या छटा गिळतंय, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. ऑपरेशनने बरं होईल.

परत आलेल्या मालातली, पास करताना धुलाईआधीच मी बाजूला ठेवलेली लडी आणि मूळ नमुना घरी आणून तुझ्या भावजयीपुढे धरले. तिने भाजी चिरता चिरता, मानही पुरती न वळवता सांगितलं की हे दोन वेगळे आहेत. मला अजूनही एकच दिसतात. म्हणजे माल माझ्या हातात आला तेव्हाच चुकलेला होता.

ही म्हणते, रजा काढा, ऑपरेशन करून घ्या, कुणाला कळणारही नाही. पैलवान काय, कुठेही पोट भरेल. खोटं नाही. पण रोज हात जोडतो तेव्हा काय मागावं तेच सुचत नाही. तू काय म्हणतेस?

धाकटा


ता. २३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

गप्प बस. तुझ्या मुलीची दोन वर्षं शिकायची राहिलीत. ज्याचा डोळा गेला त्याला छटा जुळवायला कोण ठेवील? हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी तुझी बहीण आहे, पैलवानाची नाही.

पत्र फाडून टाक.

ताई


ता. २८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचून फाडलं. पण ऐकणं जमलं नाही.

दोन दिवस मॅनेजरांकडे जाऊन नुसताच परत आलो. पहिल्या दिवशी आत जाऊन रजेचं विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हणालो की खिडकीची काच पुसून घ्यायला हवी. त्यांनी माणूस पाठवून पुसून घेतलीसुद्धा. काच लख्ख झाली, मला लडी तशीच दिसली.

आज सकाळी पाळीची घंटा व्हायच्या आधीच गेलो. लडी, नमुना आणि डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं की धुलाई ठीक होती, चुकलेला माल मीच पास केला. त्यांनी लडी नमुन्याला लावून बघितली. मग विचारलं की याआधी असे किती गेले. मी म्हणालो, माहीत नाही, पुन्हा तपासावे लागतील. त्यांनी उठून दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे तोंडीच राहू दे, सव्वीस वर्षांचं नाव आहे, पैलवानाचं काय ते पुढे बघू.

मी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला, उभ्या उभ्या सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि दार उघडून तो नोंदीसाठी आवक-जावक कारकुनाच्या हातात दिला.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
धाकटा