गायरानावर शून्य जनावरे

मी, यमुना गिरिधर सगदेव, वय सहासष्ट वर्षे, राहणार धरमपेठ, नागपूर, पशुसंवर्धन खात्यातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त, आज शुक्रवार, चौदा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. धोका किती, ते डॉक्टरांनी न लपवता सांगितले आहे. बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त चांगली आहे. अशा दस्तात "कोणाच्याही दबावाखाली न येता" असे लिहायची पद्धत आहे. दबाव आहे, माझ्या मुलाचा आहे आणि रोजचा आहे. तरीही खालचा मजकूर माझाच आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. धरमपेठेतले राहते घर माझ्या नावावर आहे. माझे यजमान गिरिधर यांनी ते हयातीतच मला लिहून दिले होते. ते माझ्या पश्चात माझी सून सौ. श्वेता हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. माझा मुलगा गौरांग याने त्यात तहहयात राहावे, त्याला कोणी हरकत घेऊ नये. पण विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क त्याला नाही. हे घर विकून तो पैसा पिंपळदऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांच्या निर्यात केंद्राच्या दुसऱ्या टप्प्यात घालायचा त्याचा विचार आहे. या घराची एक वीटही तिथे लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

गौरांगने यावर चिडू नये. चिडला तर कलम ४ पुन्हा वाचावे.

कलम २. माझे दागिने, म्हणजे चार पाटल्या, एक गोफ आणि आईची नथ, हेही श्वेताला. बँकेतल्या ठेवी गौरांगला. मी त्याला बेदखल करत नाही. त्याचा ट्रकचा धंदा ज्या केंद्रावर चालतो त्याची जागा माझ्या सहीने मोकळी झाली, तेव्हा त्याला एकट्याला वाईट ठरवण्याचा मला अधिकार नाही.

कलम ३. माझी हत्यारे. सूक्ष्मदर्शक, खच्चीकरणाचा चिमटा, पोट फुगलेल्या गाईसाठीची नळी, आणि गाय अडली की पोटातल्या वासराची आडवी मान सरळ करण्याचे दोर. हे सगळे भैयाजींना द्यावे. भैयाजी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते, तेवीस वर्षे माझ्यासोबत जीपमध्ये बसले. निवृत्त होऊनही गावात त्यांच्याकडे अजून रात्री-अपरात्री लोक येतात. हत्यारे त्यांच्याकडे वापरात राहतील. त्या दिवशी जे घडायला नको होते ते बोलून दाखवणारा एकच माणूस होता, तो भैयाजी. त्याबद्दल पुढच्या कलमात.

कलम ४. माझी दौऱ्याची डायरी, सन २०१६. ही आता माझ्या मालमत्तेत नाही. ती कुठे गेली आणि का गेली, हे इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्यामागे वेगळे सांगणारे पुष्कळ निघतील.

काटोल रोडवर पिंपळदरा नावाचे गाव आहे. गावाला बेचाळीस एकर गायरान होते. माळरान, खुरटी झुडपं, मध्ये एक नाला. गावाची सगळी गुरे आणि शेळ्या तिथे चरत. गावाने गुरे राखायला ठेवलेला गायकी म्हणजे रुपराव नेवारे. सकाळी घराघरांतून गुरे सोडून न्यायची आणि दिवस मावळता ज्याची त्याला पोचवायची, हे त्याचे काम. शेळ्या त्याची बायको जयवंता बघायची. मी त्या दोघांना पंधरा वर्षे ओळखत होते. त्यांच्या घरी मी जेवलेली आहे.

दोन हजार सोळामध्ये वरून आदेश आला की जिल्ह्यातून आखातात जिवंत शेळ्या-मेंढ्यांची निर्यात वाढवायची, त्यासाठी विलगीकरणाचे केंद्र हवे, आणि ज्या सरकारी जमिनीवर चराई होत नाही ती त्यासाठी शोधायची. धोरण वाईट होते असे मी म्हणत नाही. त्यानंतर चार तालुक्यांतल्या शेळीवाल्यांना खरोखर बरा भाव मिळाला. पण रस्त्याला लागून असलेली सोयीची जमीन हवी होती, आणि तशी पिंपळदऱ्याची होती. तिच्यावर चराई होत होती, एवढीच अडचण होती.

आमचे वरिष्ठ चंपतराव साहेब यांनी मला बोलावले. माझ्यावर तेव्हा खात्याची चौकशी चालू होती. फ्रिज बंद पडून लशीच्या बाटल्या खराब झाल्या होत्या आणि जबाबदारी माझ्यावर लागली होती. निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. चौकशी अंगावर घेऊन निवृत्त होणाऱ्याचे काय होते ते मी इतरांचे पाहिले होते.

साहेब म्हणाले, "ताई, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाही. मी फक्त तारीख सांगतो. तेवीस नोव्हेंबरला फाट्यावर लाळ-खुरकूतचं शिबिर घ्या. आणि त्याच दिवशी गायरानाची पाहणी करून टाका. जे दिसेल ते लिहा."

मला कळले. कळले नाही असे मी नऊ वर्षे स्वतःला सांगत आले, पण त्याच क्षणी कळले होते.

मी स्वतः गावात जाऊन सांगितले की यंदा साथ जोरात आहे, एकही जनावर मागे ठेवू नका, शेळ्याही आणा. रुपरावने सगळी गुरे पहाटेच फाट्यावर आणून उभी केली. सहाशे बारा जनावरे. शिबिर जोरात चालू असताना साडेदहाला मी जीप काढायला सांगितली.

भैयाजी म्हणाले, "मॅडम, गायरानावर आज काय पाहाचं? सारे ढोरं तं इथंच आहेत."

मी म्हटले, "चला."

वाटेत ते पुन्हा म्हणाले, "उद्या जाऊ ना आपण. उद्या दिसतीन."

मी म्हटले, "भैयाजी, चला."

गायरानावर आम्ही वीस मिनिटे उभे होतो. ताजे शेण सगळीकडे पडलेले होते. मी अहवालात लिहिले: "पाहणीच्या वेळी चरणारी जनावरे शून्य. सदर जमिनीचा चराईसाठी नियमित वापर दिसून येत नाही. चराईमुक्त ठेवल्यास झुडपी वाढ होऊन पर्यावरणास लाभ संभवतो." शेवटचे वाक्य मला कोणी सांगितले नव्हते. ते माझ्या मनचे आहे.

शिबिराची नोंद आणि पाहणीची नोंद माझ्या डायरीत एकाच पानावर, एकाखाली एक आहे. ते पान नऊ वर्षे मी पुन्हा उघडले नाही.

चौकशी महिनाभरात बंद झाली. गायरानावर तारेचे कुंपण आले, पत्र्याच्या शेड आल्या, खालून सिमेंट आले. धुतलेले मूत-शेण नाल्यात जाऊ लागले आणि गावच्या विहिरीला वास येऊ लागला. गुरांना चरायला जागा राहिली नाही. शेजारच्या झुडपी जंगलात नेली की वनखाते दंड करायचे. म्हातारे बैल कायद्याने कत्तलीला विकता येत नव्हते आणि ठेवायला गवत नव्हते. मग रुपराव गुरे चौपदरी रस्त्यापलीकडे नेऊ लागला. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत सकाळच्या धुक्यात एका ट्रकने त्याला आणि अकरा गाईंना उडवले. ट्रक केंद्राकडे बकऱ्या घेऊन चालला होता. तो गौरांगचा नव्हता. गौरांगचे ट्रक तिथे आधीच्या वर्षापासून चालत होते, आणि तो ट्रक त्याचा असता तरी मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही. मी जयवंताला भेटायला गेले नाही.

गावाने गायरान परत मागण्यासाठी दावा केला आहे. केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा सगळा भर माझ्या अहवालावर आहे. सुनावणी चोवीस नोव्हेंबरला आहे.

गेल्या महिन्यात गौरांग माझ्या खोलीत आला. दार लावून घेतले.

"आई, सोळाची डायरी कुठे आहे?"

"कशाला हवी?"

"कंपनीच्या वकिलांनी विचारलं. तू दौऱ्याच्या डायऱ्या घरी आणल्या होत्या ना?"

"आणल्या होत्या."

"मग दे. तू काय लिहून ठेवलं असशील ते मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायचंही नाही. केंद्र बंद झालं तर माझे ट्रक उभे राहतील. चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. तुझ्या वयाला आता कोर्ट-कचेरी झेपणार आहे का?"

मी म्हटले, शोधते. दोन नोव्हेंबरला मला तपासणीसाठी दवाखान्यात एक रात्र राहावे लागले. घरी आले तेव्हा कपाटातल्या साड्यांच्या घड्या बदललेल्या होत्या. औषधांचा डबा, देवघराखालचा खण, गाद्यांखाली, सगळीकडे हात फिरलेला होता. श्वेताने कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आई, ही आता तुमच्याजवळच राहू द्या." घर तिच्या नावे का केले, त्याचे हे दुसरे कारण.

डायरी त्याला सापडली नाही, कारण मी ती दवाखान्यात सोबत नेली होती.

मी तिथेच ठरवले होते की मृत्युपत्रात लिहावे, माझ्या पश्चात डायरी जयवंताला द्यावी. ते सोपे होते. मेलेल्या बाईला कोणी प्रश्न विचारत नाही. पण चोवीस तारीख माझ्यानंतर असेल की आधी, हे माझ्या हातात नव्हते, आणि मधल्या दिवसांत घरात गौरांग होता. म्हणून सहा तारखेला मी ऑटोने सीताबर्डीला गावकऱ्यांच्या वकिलांकडे गेले. त्यांनी जयवंताला बोलावून ठेवले होते. रुपराव गेल्यानंतर पहिल्यांदाच तिला पाहिले. मी डायरीचे पान उघडून समोर ठेवले आणि जे वर लिहिले आहे ते सगळे तिला सांगितले.

ती पान बघत राहिली. मग म्हणाली, "त्या रोजी तुमीच घरी येऊन सांगतलं होतं. एकही जनावर मागं ठेवू नका म्हणून."

"हो."

"त्यानं लंगडी गायही उचलून नेली होती गाडीत टाकून. तुमी सांगतलं म्हणून. तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग आता काहून सांगून राहिल्या?"

"सोमवारी... येत्या नाही, त्याच्या पुढच्या, माझं ऑपरेशन आहे."

"म्हणजे मराच्या भेवानं."

मी म्हटले, "हो."

तिने पाणी मागितले. वकिलांनी दिले. तिने ते प्यायले नाही, माझ्यापुढे सरकवले.

त्याच दिवशी मी शपथपत्र केले. डायरी वकिलांकडे आहे, पोच माझ्याकडे आहे. शस्त्रक्रियेतून उठले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तर चोवीसला मी साक्षीला उभी राहीन. न दिली तरी जाण्याचा प्रयत्न करीन. गौरांगला हे मी आठ तारखेला सांगितले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. जेवणाच्या टेबलावर माझी औषधे मात्र वेळेवर काढून ठेवतो. दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या संमतीची सही त्यालाच करायची आहे.

कलम ५. चंपतराव साहेब हयात आहेत. या मृत्युपत्राची एक प्रत त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवावी. सोबत पत्र नको.

कलम ६. पिंपळदऱ्याच्या शिवेवर माझे दोन एकर वावर आहे. ते मी जयवंताच्या नावे लिहिले होते. परवा ती वकिलांच्या सांगण्यावरून घरी आली तेव्हा मी तिला तो कच्चा मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "वावर मले नको. उद्या त्यांचा वकील कोर्टात म्हणन, बाईनं वावर देलं अन् हिनं ते घेऊन दावा चालवला. साऱ्या गावाचं गायरान जाईन दोन एकरापायी."

मी म्हटले, "मग मी काय करू?"

तिने विचारले की मृत्युपत्राला साक्षीदार लागतात ना. मी म्हटले, दोन लागतात, आणि साक्षीदाराने त्यातून काही घ्यायचे नसते.

"मंग माझं नाव तिथं टाका," ती म्हणाली. "कोणी म्हणू नये का तुमी भरमात लिहिलं. मी डोळ्यानं पाहीन तुमाले लिहिताना."

म्हणून ते कलम मी खोडले आहे. वावर श्वेताकडे जाईल. त्याला कुंपण घालू नये. गावची गुरे त्यात आली तर येऊ द्यावीत. ही विनंती आहे, अट नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्वेताने करावी. माझ्या मागे तेरा दिवसांचे काही करू नये. गौरांगला करावेसे वाटले तर त्याला अडवू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. जयवंताबाईंनी आपल्या सहीवर आपलेच वाक्य लिहायचे म्हटले. ते त्यांच्या हातचे आहे, मी त्यात काही बदल केलेला नाही.

ठिकाण: धरमपेठ, नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) यमुना गिरिधर सगदेव

साक्षीदार १: यमुनाताई शुद्धीवर आहेत, त्यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) डॉ. मधुसूदन खानझोडे, धरमपेठ, नागपूर

साक्षीदार २: बाईनं माझ्या डोळ्यासमोर सही केली. मले यातलं काही भेटणार नाही. मी साक्षीसाठी सही केली, माफ केलं म्हणून नाही.
(सही) जयवंता रुपराव नेवारे, मु. पिंपळदरा