समोरून लिहिलेला नाच

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण माझं अंग वाकत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! तेव्हा या ठोकळ्याचा उभ्याउभ्याच नमस्कार घे. भाऊजींची पाठ कशी आहे? तुझा कारखाना अजून त्याच पाळीत चालतो का? नऊ वर्षांनी पत्र लिहिताना आधी काय विचारावं तेच सुचत नाही, म्हणून पाठीचं विचारलं.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण पहिल्याच ओळीत तसं कुणी लिहीत नाही.

मी अजून त्याच नृत्यसंस्थेत आहे, दुसऱ्या मजल्यावर, गळक्या नळाशेजारच्या खोलीत. अजून नाच लिहिते. लोक अजून हसतात. उभ्या रेघा, त्यांच्या डाव्या-उजव्या अंगाला चौकोन नि त्रिकोण: कुठला पाय, कुठल्या दिशेला, किती वेळ. जिला स्वतःला दोन पावलं तालात टाकता येत नाहीत तिने जगाचे नाच लिहायचे. आंधळ्याने चित्रांचा पहारा करावा तसं. पण ताई, काम मला आवडतं गं.

या वर्षी संस्थेने देशोदेशीचे नृत्यशिक्षक बोलावले होते. प्रत्येकाचे आठ दिवस. तू असायला हवी होतीस. स्पेनच्या बाई आरशाकडे तोंड करून उभ्या राहायच्या, आमच्याकडे पाठ. त्यांच्या टाचा सुरू झाल्या की खालच्या मजल्यावरचा ग्रंथपाल छत पडतंय म्हणून धावत वर यायचा, आणि मग दारातच उभा राहून बघत बसायचा. आयर्लंडचे गुरुजी कमरेच्या वर बसच्या रांगेत उभे असल्यासारखे, हात अंगाला चिकटलेले, आणि खाली पाय असे की मला लिहायला हात पुरेना. बालीच्या आजी तर बोलायच्याच नाहीत. त्या मुलीच्या मागे उभ्या राहायच्या, तिची मनगटं धरायच्या, कोपर वर, मान इकडे, आणि मुलीच्या अंगात नाच हातानेच भरायच्या. कणीक मळताना बघितल्यासारखं वाटत होतं. मला पहिल्यांदा कळलं की नाच नुसता पावलांत नसतो. शिकवणारा कुठे उभा राहतो त्यातही असतो.

आपल्या नाचातली ती टाचेची थांबती थाप आठवते? तसलीच थाप मी एका लांबच्या बेटावरच्या जुन्या फितीत पाहिली. आई ठणठणीत होती तेव्हाच सांगितलं होतं तिला. मला वाटलं चिडेल, आपला नाच दुसऱ्यांचा निघाला म्हणून. तर हसली आणि म्हणाली, "मग काय झालं? लेक सासरी जाते, तिथलीच होते. पाऊलसुद्धा असंच कुणाचं तरी आलं असेल आपल्याकडे. नीट नांदवलं ना आपण? झालं तर."

आता मूळ मुद्दा. शेवटचे आठ दिवस हवाई बेटांवरून आलेल्या एका बाईंचे होते. त्या आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुमचा आरसा. मी डावा हात उचलला की तुम्ही उजवा उचलायचा." सगळ्यांनी उचलला. माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

दोन हिवाळे आईने मुलींना आपला नाच शिकवला आणि मी समोर स्टुलावर बसून लिहिला. तिचा डावा पाय दिसला की डावीकडे खूण. पण आई मुलींसमोर उभी असताना आरसा होत असेल तर? मग सगळं उलटं. सगळंच उलटं असतं तरी सोपं होतं, पानं फिरवली असती. पण अवघड गिरक्यांना ती पाठ फिरवायची आणि तेव्हा सुलटी व्हायची. कुठे समोर होती आणि कुठे पाठमोरी, हे मी लिहिलंच नाही. हेच काम करून पोट भरणाऱ्या बाईने लिहिलं नाही! कॅमेरा आईने कधी लावू दिला नाही, "त्या डोळ्याला लाज नसते" म्हणायची. आता माझ्या पुस्तकावरून तीन शाळा तो नाच शिकवतात, आणि आईकडे शिकलेल्या त्या मुलीही इतकी वर्षं पुस्तकावरूनच नाचतात. आईच्या पिढीतल्या बाकीच्या बाया तर गेल्या.

तू आईच्या मागे उभी राहून शिकलीस. तुझ्या अंगात तो सुलटा आहे. एकदा, एकदाच, नाच आणि भाऊजींना पाठीमागून चित्रण करून पाठवायला सांग. इतकंच मागणं आहे.

आईलाच का विचारत नाही, असं तू म्हणशील. विचारलं. ताई, आईला नोव्हेंबरात झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. मी विचारलं, "पहिलं पाऊल कुठलं?" तिने डावा हात उचलला. आता हा डावा म्हणजे डावा, की मी समोर बसले म्हणून ती आरसा झाली, की उचलता येतो तेवढाच हात म्हणून उचलला? मी म्हटलं, "डावा असेल तर डोळे मिट." मिटले. "उजवा असेल तर मिट." पुन्हा मिटले. डॉक्टर म्हणतात, थोडंफार समजत असेल, किती ते सांगता येत नाही.

वाट बघते.

तुझी,
ठोकळा

---

१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. रागावली असशील, आजारपण तीन महिने लपवलं म्हणून. मी रोज उद्या लिहू म्हणत गेले. खरं सांगायचं तर तुला लिहायला घेतलं की दुसरंच काहीतरी लिहावं लागेल याची भीती वाटायची. मागच्या पत्रात आयर्लंडपासून बालीपर्यंत फिरून आले, पण आपल्या स्वयंपाकघरात आले नाही. आता येते.

नऊ वर्षांपूर्वी तू माहेरी आली होतीस. माझी पानं टेबलावर पसरलेली. तू ओल्या हातांनी एक उचललंस, जागच्या जागी चार पावलं टाकून बघितलीस आणि हसलीस. म्हणालीस, "अगं ठोकळ्या, हे उलटं झालंय. आई समोर असते तेव्हा पोरींसाठी उलटी होते, पाठ फिरवते तेव्हा सुलटी. तू दोन्ही कालवलंस की! चल, बसू दोघी, मी नाचते, तू लिही."

हे तुझे शब्द जसेच्या तसे आहेत. म्हणजे हवाईच्या बाईंमुळे कळलं हे मी जे लिहिलं ते अर्धंच खरं. कळलं नऊ वर्षांपूर्वीच होतं. त्या दिवशी फक्त आठवायची टाळाटाळ संपली.

आठ दिवसांनी पानं छापायला जायची होती. दोन वर्षांचं काम. आणि लहानपणापासून सगळे म्हणायचे, नाच थोरल्या भिंगरीच्या अंगात आहे, धाकटी आपली ठोकळा. लिहिणं एवढंच माझं होतं. त्यातही तू चूक काढलीस, हसत काढलीस, आणि खरी काढलीस.

मी आईकडे गेले. ती गॅसपाशी होती. मी म्हटलं, "ताई म्हणते, आई चुकीचं शिकवते."

एवढंच बोलले. गॅस बंद करून ती बाहेर आली आणि तुला म्हणाली, "ज्यांना माझे पाय चुकीचे वाटतात, त्यांनी या घरात पाय ठेवू नये." तुला वाटलं, धाकटीच्या कागदांसाठी आईने आपल्याला हाकललं. तिला वाटलं, लेकीने तिच्या आयुष्यभराच्या कामाला नावं ठेवली. तुम्ही दोघी एकीपेक्षा एक मानी! एकीनेही दुसरीला विचारलं नाही. तुम्ही विचारणार नाही यावर मी निर्धास्त होते, हे सगळ्यात वाईट. तू पिशवी उचललीस तेव्हा मी दारातच होते.

मंगळवारी मी आईला खरं सांगितलं. खुर्ची जवळ ओढून, सावकाश, दोनदा. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. राग आला, की खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आलं होतं, मला कळलं नाही. मी पडदा ओढला. तोंड तसंच राहिलं. तिला कळलं नसेल तर नऊ वर्षांचं खोटं तसंच तिच्यासोबत जाणार. आणि कळलं असेल तर बोलायला तोंड नाही, मला एक थोबाडीत द्यायला उजवा हात नाही. ताई, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हालचाली वाचून पोट भरलं. स्वतःच्या आईची एक मान मला वाचता येत नाही.

नाच पाठव किंवा पाठवू नको. पण दोन ओळी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी,
धाकटी

---

२ मार्च

ताई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमनने हातात दिलं आणि मी जिन्यातच बसून वाचलं.

शिव्या नव्हत्या. असत्या तर बरं झालं असतं.

तू लिहितेस की तू अडवून धरलेलं नाहीस. चित्रण करायला दोनदा उभी राहिलीस. पण तो नाच आता तुझ्याकडे नाही. आईची आठवण यायची म्हणून त्या शाळांतल्या मुलींच्या संचाची चित्रफीत तू लावायचीस, माझ्या पुस्तकावरून शिकलेल्या मुलींची. पाळीवरून आलीस की स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर नाचायचीस. सुरुवातीला चुकीची पावलं बघून चिडायचीस. मग सवय झाली. नऊ वर्षं. आता पाय उचलला की कुठला आईचा आणि कुठला माझा, तुला सांगता येत नाही. तू लिहिलंस, "मी मुद्दाम विसरले नाही गं." ताई, तू माझी माफी मागतेस?

शेजारच्या बाई वर चढताना म्हणाल्या, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, बहिणीचं पत्र आहे." त्या म्हणाल्या, "मग रडताय कशाला, चांगलंच की." बरोबर बोलल्या त्या.

आज संस्थेत गेले. संचालकांना सगळं सांगितलं. फार समजूतदार माणूस. म्हणाले, जगातले किती नाच असे वाटेत बदललेच असतील, उलटे झाले असतील, आणि तरी लोक ते प्रेमाने नाचतात. पन्नास वर्षांनी हाच खरा होईल. आईसुद्धा कदाचित असंच काही म्हणाली असती, लेक सासरी जाते वगैरे. पण लेक आपण होऊन जाणं वेगळं आणि कुणीतरी धक्का मारून काढणं वेगळं. हे मी त्यांना बोलले नाही. पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर छापायचं ठरलं आहे: या नाचातलं डावं-उजवं लिहिणाऱ्या बाईने चुकवलं आहे, आणि विचारायला आता कुणी उरलेलं नाही. ते छापतील. मी तुझ्याशी जे केलं ते छापायला जागा नाही.

आता नाचाचं सोड. गेला तो. मी लिहून घालवला आणि तुला तुझ्याच स्वयंपाकघरात तो विसरायला लावला. त्यावर माझ्याकडे इलाज नाही आणि मी शोधतही नाही.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. आईच्या गळ्याखाली कालपासून पाणीसुद्धा उतरत नाही. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, "बोलवायचं असेल कुणाला तर बोलवा." घरात आम्ही दोघीच. बोलवायचं कुणाला हे त्यांनाही माहीत होतं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. डोळे उघडे होते. ऐकलं का, ते मला ठाऊक नाही. मला काहीच ठाऊक नाही, ताई. हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलेन आणि तू म्हणशील, बरं, बघते.

बघू नकोस. ये. भाऊजींना घेऊन, न घेता, कशीही ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी बाहेरच्या खोलीत बसेन. आईला काही करून दाखवायचं नाही, काही विचारायचं नाही. नुसती तिच्याजवळ बस.

मात्र बसायचं तिच्या डाव्या बाजूला. उजव्या हाताला तुझा हात लागलेला तिला कळणार नाही. डावा अजून धरतो, घट्ट धरतो. खुर्ची त्याच बाजूला ठेवली आहे. हे डावं मी समोरून बघून लिहिलेलं नाही. तिच्या अंगाला अंग लावून बसले आहे, तोच हात माझ्या हातात आहे, आणि दुसऱ्या हाताने लिहिते आहे. यात चूक नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी बहीण