एपिक्टीटस आणि फराळाचा डबा

रवि., २ नोव्हें.

वाचनमंडळात अखेर माझा नंबर लागला. २३ तारखेला मी बोलायचं, विषय एपिक्टीटस. कुलकर्णीकाकांनी नाव दोनदा विचारलं आणि शेवटी सगळ्यांना जाहीर केलं, "तर त्या दिवशी मृणाल आपल्याला त्यांचे ते एपि सांगणार आहेत." मीही इथे एपि.च लिहिणार. सोपं पडतं.

जन्माने गुलाम, पायाने अधू. नावाचा अर्थच 'मिळवलेला', म्हणजे कुणीतरी मिळवलेला माल. रोममध्ये मालकाच्या घरी वाढला, पुढे सुटला, मग राजाने सगळ्याच तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये जाऊन शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही. जे आहे ते शिष्याने टिपून ठेवलेलं. सार काय, तर काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातातल्या नीट करा, बाकीच्यांवरून रडत बसू नका.

मला फार पटतो हा माणूस. अभय म्हणाला, "तुला पटणारच. तुला रडणारी माणसं आवडतच नाहीत." नवरा आहे, बोलायचाच.

वैशाली माझा दिवाळीचा फराळाचा डबा परत आणायला पुन्हा विसरली. विसरली कसली, मुद्दामच. "अगं, रिकामा कसा देऊ? सांगलीहून आईचं मेतकूट येतंय, भरून देते." ती आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहते. इकडे आखातात, कुसैसला आल्यापासून हा स्टीलचा डबा आमच्या दोन घरांत वरखाली करतोय. झाकणाला पोचा आलाय, पण रिकामा कधी गेला नाही की आला नाही.

मंगळ., ४ नोव्हें.

वै.ची आई दवाखान्यात. न्यूमोनिया. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी गाडीत, जबल अलीच्या वळणाच्या थोडं अलीकडे. रोज कामावर माझ्याच गाडीने जातो.

फोन ठेवून म्हणाली, "मी आज संध्याकाळीच निघू का गं?"

विचारलं मैत्रिणीला, पण रजा मंजूर करणारीही मीच. गोदामात ती माझ्या हाताखाली आहे. गुरुवारी कस्टमरचं ऑडिट, आणि कोल्ड स्टोअरमधला कुठला माल कुठल्या रॅकवर हे सगळं तिच्या डोक्यात.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"स्टेबल आहे म्हणतात."

"मग तू जाऊन काय करणार आहेस? ते आपल्या हातात नाही, वैशाली. आपल्या हातात जे आहे ते करायचं. शुक्रवारी निघ, मीच एअरपोर्टला सोडते. इन्शाल्ला, तोवर घरीसुद्धा येतील."

मग म्हणाली, "बरं."

एपि. रोजच्या जगण्यात कसा कामी येतो याचं हे छान उदाहरण. २३ला सांगायला हवं. नाव न घेता.

बुध., ५ नोव्हें.

वै.ची आई गेली. दुपारी.

ती ट्रक भरतात त्या लोडिंग बेवर होती, अंगात थंडीचं जाकीट. फोन कानाला तसाच धरून उभी होती. ड्रायव्हर लोक "मॅडम? मॅडम?" करत होते.

मी ॲप उघडून तिची रजा मंजूर केली. एक बोट लावायचं होतं फक्त.

संध्याकाळी तिला शारजा एअरपोर्टला सोडलं. रस्ता तुंबलेला, नेहमीसारखा. पुढे मुंबईहून सांगली गाडीने. भाऊ म्हणाला, एवढा वेळ ठेवता येणार नाही, आम्ही आटपून घेतो. म्हणजे तिला तोंडही बघायला मिळणार नव्हतं. मागे तिचा नवरा विनय बसला होता. गाडीतली ती शांतता मला सोसेना आणि मी बोलले.

काय बोलले ते लिहितेच. म्हटलं, "आई गमावली असं म्हणू नकोस गं. परत केली म्हण. ज्याची होती त्याला."

"काय?"

तिला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं. नीट, सावकाश, समजावून.

वै.ने माझ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या ट्रककडे. एअरपोर्टवर बॅग डिकीतून तिनेच काढली. मी हात पुढे केला होता.

गुरु., ६ नोव्हें.

ऑडिट उत्तम. बॉस खूश, एकदम अरबी लाडात. "खलास, हबीबती, यू सेव्ड अस!" सगळ्यांसमोर टाळ्या.

रॅकवरच्या खुणा सगळ्या वै.च्या. सोमवारी उशिरापर्यंत थांबून तिने इतकं चोख लावून ठेवलं होतं की काल दुपारपासून ती नसतानाही कुणाला काही विचारायची वेळ आली नाही. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी ती गेली असती तरी

नको.

शनि., ८ नोव्हें.

आज जेवताना सांगितलं घरी. मला वाटलं होतं, निदान वाक्याचं कौतुक होईल. खरंच असं वाटलं होतं, काय म्हणावं मला.

इराने चमचा खाली ठेवला. "आई, यू सेड व्हॉट?"

"अगं, ते माझं नाही, एपिक्टीटसचं. दोन हजार वर्षं लोक..."

"हर मॉम डाइड. अँड यू गेव्ह हर अ क्वोट."

पोरगी अकरावीत आहे. मराठीत दोन वाक्यं धड बोलत नाही, आणि हे मात्र बरोबर जागी लागलं. मी तिलाच ओरडले, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. ती ताट घेऊन खोलीत गेली.

भांडी लावताना अभयने हळूच विचारलं, "शुक्रवारी जा असं का म्हणालीस तिला?"

"आई स्टेबल होती म्हणून."

"हं."

त्या 'हं'चा राग आला. अजून आहे. खरं विचारलं की राग येतो माणसाला.

रवि., ९ नोव्हें.

एपि. पुन्हा उघडला, स्वतःची बाजू शोधायला. सापडलं भलतंच.

म्हणतो, कुणी दुःखात रडत असेल तर त्याच्याशी सहानुभूतीने बोलायला मागेपुढे पाहू नका. वेळ आली तर त्याच्यासोबत कण्हा. फक्त आतून कोसळू नका. हे पान मी आधी वाचलेलं आहे. त्यावर पेन्सिलीची खूण नाही, एवढंच. 'परत केली'वर मात्र दोन रेघा.

आणि ते 'परत केली' त्याने सांगितलंय कुणाला, तर ज्याचं त्याने स्वतःला. दुसऱ्याच्या आईबद्दल, ट्रॅफिकमध्ये, स्टिअरिंग धरून सांगायला नव्हे.

आणखी एक. अडाणी माणूस आपल्या दुर्दैवाचा दोष दुसऱ्याला देतो, शिकायला लागलेला स्वतःला देतो, शिकलेला कुणालाच देत नाही. हे वाचून मला चक्क हायसं वाटलं. म्हटलं चला, कुणाचाच दोष नाही. मधली पायरी गाळून मी थेट वर जाऊन बसणार होते.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

बुध., १२ नोव्हें.

वै. फोन उचलत नाही. विनयने उचलला, "ती जरा पडलीय, वहिनी." तोही तिकडेच आहे. 'वहिनी' तो नेहमीच म्हणतो, आज परक्यासारखं वाटलं.

मेसेज लिहायला घेतला, "परत कधी येतेस?" आणि त्या शब्दावर अडले. पुसला. "इकडे कधी?" लिहिलं. तेही पुसलं. इथे आमचं सगळ्यांचं अर्धं बोलणं या एका शब्दावर चालतं. परत कधी जाणार, परत कधी आलात, रिटायर झालो की परत. मी तो असा काही वापरला की आता तिच्याशी बोलायला शब्द उरला नाही.

शेवटी नुसतं "काळजी घे" पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

शनि., १५ नोव्हें.

व्याख्यानाची तयारी होत नाही. 'आपल्या हातात' हे शब्द लिहिले की पुढे जाववत नाही.

आपल्याकडे "माझ्या हातात काही नाही हो" हे कधी म्हणतात? काम करायचं नसतं तेव्हा. ऑफिसात मीही रोज म्हणते, लोकांना वाईट न वाटता वाटेला लावायला. एपि. म्हणतो ते याच्या बरोब्बर उलट. तो म्हणतो, आधी तुझ्या हातात काय आहे ते बघ. तिच्या आईचा जीव माझ्या हातात नव्हता. तिची रजा होती. अक्षरशः हातात, फोनवर. ती मी दिली नाही आणि हातात नसलेल्या गोष्टीवर प्रवचन दिलं.

का दिली नाही, तेही लिहून टाकते. ऑडिटसाठी. आणि ऑडिटचंही खरं कारण, मागच्या वेळी माझी चूक निघाली होती आणि या वेळी मला बॉससमोर चमकायचं होतं. आई स्टेबल होती वगैरे मागाहून जोडलेलं. अभयला तेव्हाच कळलं होतं.

एपि.बद्दल आज एक नवीन वाचलं. आयुष्यभर एकटा राहिला, घरात सामान जवळजवळ नाही. म्हातारपणी एका मित्राचं तान्हं मूल वाऱ्यावर टाकलं जाणार होतं, ते याने घरी आणलं. त्याला सांभाळायला एक बाई आणली. परत करा, सोडून द्या म्हणणारा माणूस, आणि वेळ आली तेव्हा त्याने मूल उचललं. पंतोजीसारखं सांगत बसला नाही.

मी बसले.

बुध., १९ नोव्हें.

वै. आली. वॉचमनने सांगितलं. मला तिने सांगितलं नाही. मीही वर गेले नाही, 'दमली असेल' म्हणून. स्वतःला फसवायची सवय एवढ्यात जायची नाही.

गुरु., २० नोव्हें.

सकाळी खाली गाडी काढून थांबले. वै. गेटमधून बाहेर आली, माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी सभ्यपणे, आणि कोपऱ्यावर कंपनीच्या बसला जाऊन उभी राहिली. बस सगळीकडे थांबत जाते, दुप्पट वेळ लागतो.

ऑफिसात "गुड मॉर्निंग, मॅडम." मॅडम!

संध्याकाळी घरी आले तर दाराच्या मुठीला पिशवी. पिशवीत डबा. घासूनपुसून लख्ख. उघडला.

रिकामा.

अभय म्हणाला, "अगं, सुतक असेल. अशा वेळी घरातलं काही देत नाहीत." भला माणूस आहे. मलाही क्षणभर ते धरून ठेवावंसं वाटलं. पण लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं सुतक तीनच दिवस, हे आमच्या वाचनमंडळात वै.नेच तावातावाने सांगितलं होतं, "आईबाप काय तीन दिवसांचे असतात का?" म्हणून.

साधे शेंगदाणे नाहीत, साखरेचा दाणा नाही. मेतकूट तर आता कुठून येणार.

रडले. स्वयंपाकघरात उभी राहून, डबा हातात धरून. इरा पाणी प्यायला आली, बघितलं, आणि माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली. तिला कुणी शिकवलं हे? मी नाही.

शुक्र., २१ नोव्हें.

डबा ओट्यावर उघडा. काय भरू? लाडू कसे देऊ, गोड चालायचं नाही. चकल्या म्हणजे दिवाळीच. शेव, चिवडा, सगळं मनात करून बघितलं. जे करीन ते लाच दिल्यासारखं दिसेल. आणि असेलही.

रवि., २३ नोव्हें.

सकाळी कुलकर्णीकाकांना फोन करून सांगितलं, मी बोलणार नाही.

"अहो, पण समोसे सांगून ठेवलेत!"

"समोसे खा, काका. मला अजून तो माणूस कळलेला नाही."

एपि.चंच म्हणणं, मेंढी किती गवत खाल्लं ते धन्याला आणून दाखवत नाही. पचवते आणि लोकर देते. माझ्याकडे गवतच आहे नुसतं. हे काकांना सांगणार होते, पण तोही एक दाखलाच झाला असता. गिळला.

दुपारी डबा घेतला आणि वर गेले. रिकामाच. बेल वाजवल्यावर पळून जावंसं वाटलं.

वै.नेच दार उघडलं. डोळ्यांखाली काळं. केस तेल न लावलेले.

"रिकामाच आणलाय," मी म्हटलं. पुढचं पाठ करून नेलं होतं ते सगळं गेलं. "त्या दिवशी तुला थांबवलं ते ऑडिटसाठी. मला ते ऑडिट हवं होतं. बाकी सगळं मी वरून लावलं."

"माहीत आहे."

"अभय बोलला?"

"गाडीतच कळलं होतं मला. तू ऑडिटचं नाव घेतलं नाहीस ना, तेव्हाच." दाराची कडी बोटाने वरखाली करत होती. "तरी थांबले. तू एवढी शिकलेली, म्हटलं हिला काहीतरी कळत असेल."

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"परत केली म्हण, म्हणालीस." आवाज चढला नाही तिचा. "डबासुद्धा रिकामा परत करत नाही गं आपण. मी काय दिलं आईला जाताना? फोनवर हॅलो, हॅलो. तिला ऐकूच येत नव्हतं."

मला सुचलं ते एवढंच, की या वेळी बोलायचं नाही. ती रडत होती. मीही. एपि.ने सांगितलं होतं आतून कोसळू नका, तेवढं मात्र जमलं नाही मला.

मग तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि आत गेली. ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली ती मोकळ्या हातांनी.

"उद्या कितीला निघतेस?"

"नेहमीसारखीच."

"बरं," म्हणाली.

त्या दिवशी गाडीत म्हणाली होती, तसंच. येते म्हणून बरं, की नुसतं बरं, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. दार लावून घेतलं तिने, हळू.

डबा तिच्याकडे आहे.